टेबलावरचं सुआकिन, १८८४: वसाहतकालीन मिनिएचर युद्धखेळ पहिल्यापासून कसा उभा करायचा

वसाहतकालीन मोहिमांवरचा मिनिएचर युद्धखेळ, म्हणजे छोट्या रंगवलेल्या आकृत्या आणि फासे घेऊन टेबलावर मांडलेली लढाई, सुरू करायला सामान फार लागत नाही. पण ठरवण्याचा क्रम चुकला, की घेतलेलं सामान कपाटात पडून राहतं. आधी एक मोहीम ठरवायची, मग त्यातली एक लढाई, मग आकृत्यांची उंची, मग संख्या. खरेदी सगळ्यात शेवटी. थोडे झुलू, थोडे अफगाण, थोडे सुदानी असं गोळा करणाऱ्याकडे शेवटी तीन-चार अर्धवट सैन्यं जमतात आणि धड एकही लढाई मांडता येत नाही.

या लेखात नमुना म्हणून पूर्व सुदानमधली, तांबड्या समुद्रावरच्या सुआकिन बंदराभोवतीची १८८४ ची मोहीम घेतली आहे. ती नवख्याला सोपी जाते आणि दोन्ही बाजूंनी खेळण्यासारखी आहे.

मोहीम थोडक्यात

मुहम्मद अहमदने १८८१ मध्ये स्वतःला महदी, म्हणजे इस्लामी श्रद्धेतला येऊ घातलेला तारणहार, घोषित केलं आणि इजिप्तच्या ताब्यातल्या सुदानमध्ये उठाव पेटला. तांबड्या समुद्राच्या बाजूला त्याचा सरदार होता उस्मान दिग्ना, आणि त्याच्याबरोबर मुख्यतः हदेंदोवा आणि इतर बेजा टोळ्या होत्या. ४ फेब्रुवारी १८८४ ला एल तेबजवळ बेकर पाशाच्या साडेतीन हजारांच्या इजिप्शियन फौजेची त्यांनी दाणादाण उडवली; दोन हजारांहून जास्त माणसं पडली. मग जनरल ग्रॅहमच्या हाताखाली ब्रिटिश फौज उतरली. २९ फेब्रुवारीला एल तेबची दुसरी लढाई झाली आणि १३ मार्चला तमाईची. तमाईला ग्रॅहमकडे डेव्हिस आणि बुलर यांच्या दोन ब्रिगेड होत्या आणि दोन्ही चौकोनी व्यूहात चालत होत्या. डेव्हिसच्या पुढच्या चौकोनातल्या ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीने पुढे धाव घेतली, व्यूहात फट पडली आणि कोरड्या नाल्यात दबा धरून बसलेले हदेंदोवा धुरातून थेट आत घुसले. नौदलाच्या मशीनगन काही काळ त्यांच्या हाती गेल्या. उजवीकडे मागे असलेल्या बुलरच्या चौकोनाच्या माऱ्यामुळे फौज सावरली. शंभरहून अधिक ब्रिटिश आणि त्याच्या कितीतरी पट हदेंदोवा मारले गेले.

खेळासाठी यात तीन गोष्टी हाताशी आहेत. भूभाग साधा आहे: वाळू, काटेरी झुडपं, नाले, विहिरी. एका बाजूचा पोशाख जवळजवळ एका रंगाचा आहे. आणि लढाईचा निकाल आधीच लागलेला नाही.

जाता जाता एक सूचना. हदेंदोवांसाठी ब्रिटिश शिपायांनी काढलेलं हिणवणारं टोपणनाव या छंदाच्या साहित्यात अजून दिसतं. आपल्या याद्यांत आणि तुकड्यांच्या पाट्यांवर सरळ हदेंदोवा किंवा बेजा लिहा.

आधी गणित: गोळीचा पल्ला आणि धावेचं अंतर

या प्रकारच्या खेळात एका बाजूला लांबून मारणारी रायफल असते आणि दुसऱ्या बाजूला जवळ येऊन मारणारी तलवार. सगळा खेळ एका प्रश्नावर उभा असतो: धावणारी टोळी भिडेपर्यंत तिच्यावर किती वेळा गोळीबार होतो? हे न मोजता सैन्यं मांडली, तर एक जण नुसते फासे टाकत राहतो आणि दुसरा नुसत्या आकृत्या उचलत राहतो. अशा खेळाला कोणी दुसऱ्यांदा येत नाही.

२८ मिमीच्या आकृत्यांसाठी चालणारे आकडे असे आहेत. रायफलचा पल्ला २४ इंच, त्यातले पहिले १२ इंच जवळचा पल्ला. हदेंदोवाची चाल ८ इंच. ब्रिटिश कंपनी १२ जणांची, टोळी १६ जणांची. प्रत्येक शिपायाला एक फासा. जवळ ५-६ पडला तर लागला, लांब फक्त ६ ला.

आता एक टोळी उघड्या वाळूत २४ इंचांवरून निघाली असं धरा. पहिल्या फेरीत ती १६ इंचांवर येते: लांबचा पल्ला, १२ फासे, सरासरी २ पडतात. दुसऱ्या फेरीत ८ इंचांवर: जवळचा पल्ला, ४ पडतात. तिसऱ्या फेरीत ती भिडते, पण हातघाईआधी शेवटची फैर होते आणि आणखी ४ जातात. सोळातले दहा गेले, सहा पोचले. म्हणजे उघड्यावर एक टोळी एका कंपनीपुढे बहुतेक संपते.

तीच टोळी झुडपांत किंवा नाल्यात लपून ८ इंचांवर उठली, तर फक्त शेवटची फैर बसते. चार पडतात, बारा भिडतात. बारा विरुद्ध बारा. तमाईला नेमकं हेच झालं होतं.

म्हणून हदेंदोवांची ताकद आकृत्यांच्या संख्येत कमी आणि टेबलावरच्या आडोशात जास्त असते. ब्रिटिश सारखे जिंकत असतील तर टोळ्या वाढवू नका; नाला पुढे सरकवा, झुडपं वाढवा. उलट होत असेल तर झुडपं काढा. रायफलचा पल्ला 'खरा' वाटावा म्हणून ४८ इंच करण्याचा मोह पुष्कळांना होतो. ब्रिटिशांची मार्टिनी-हेन्री रायफल हजार यार्डांवर मारायची हे बरोबर आहे, पण टेबलावर तो पल्ला आणला की सहा फैरींनंतर समोर कोणी उरत नाही.

उंची आणि साहित्य निवडणं

२८ मिमी हे माप साधारण पायापासून डोळ्यापर्यंतचं असतं, आणि वेगवेगळ्या उत्पादकांच्या आकृत्या एकमेकांशेजारी जाड-बारीक दिसतात. एका तुकडीत एकाच उत्पादकाच्या आकृत्या ठेवा. दोन तुकड्यांत फरक असला तर डोळ्याला खटकत नाही. १/७२ (खऱ्या मापाचा बहात्तरावा भाग) स्वस्त पडतं आणि जागा कमी घेतं. १५ मिमी मोठ्या लढायांना उत्तम आहे. पण ज्याने आधी कधी ब्रश धरलेला नाही त्याने २८ मिमी घ्यावं, कारण चेहरा, पट्टा, ढाल हे हाताला सापडतं.

साहित्य तीन तऱ्हेचं मिळतं. कडक प्लास्टिकच्या एका खोक्यात साधारण तीस-चाळीस आकृत्या असतात. हात-डोकी वेगळी, जोडावी लागतात. हे प्लास्टिकच्या सिमेंटने जोडायचं. तो प्लास्टिक विरघळवून सांधा वितळवतो, म्हणून थेंबभर पुरतो. जास्त लावला तर चेहऱ्याचा तपशील पुसला जातो. धातूच्या आकृत्यांवर हा सिमेंट काहीच काम करत नाही. तिथे सुपरग्लू लागतो. धातूचे भाले हातात घेतल्यावर वाकतात आणि दोन-तीनदा सरळ केले की तुटतात. ते कापून टाका, मुठीला १ मिमीच्या हातड्रिलने भोक पाडा आणि ०.८ मिमीची पोलादी तार घाला. टोक पक्कडीने चेपलं की पातं तयार. १/७२ च्या बऱ्याच आकृत्या मऊ प्लास्टिकच्या असतात. त्यांच्यावर साच्याचं तेल असतं आणि भाला लवचीक असतो, त्यामुळे रंग पापुद्र्यांनी सुटतो. कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळवा, आणि रंगाच्या आधी पाणी मिसळलेल्या पांढऱ्या गोंदाचा एक हात द्या.

पहिली यादी

पहिल्या लढाईला एवढं पुरे:

ब्रिटिश: १२ जणांच्या २ कंपन्या, १ अधिकारी. एकूण २५.
हदेंदोवा: १६ जणांच्या ३ टोळ्या, १ सरदार. एकूण ४९.
बाकी: सहा बाजूंचे २४ फासे, इंचाचा टेप, ४ × ४ फुटांचं टेबल, झुडपांचे १५ ते २० पुंजके, एक नाला, एक विहीर.

ही लढाई तीन-चारदा खेळून झाली की तिसरी कंपनी, चार माणसांसकट एक मशीनगन आणि चौथी टोळी घ्या. घोडदळ, उंट, तोफा आत्ता नकोत. घोडदळाच्या एका आकृतीला रंगवायला पायदळाच्या दुप्पट तरी वेळ जातो आणि या लढाईत तिला करायला फार काही नसतं.

बेसचं, म्हणजे आकृतीच्या पायाखालच्या चकतीचं, माप आत्ताच ठरवा, नंतर बदलणं म्हणजे शिक्षा. ब्रिटिशांना २० मिमी गोल, हदेंदोवांना २५ मिमी गोल. कारण दिसण्याचंही आहे आणि नियमाचंही: बारा ब्रिटिश दोन रांगांत सहा-सहा उभे केले की फक्त १२ सेंटीमीटर रुंदी घेतात आणि खांद्याला खांदा लावून उभे दिसतात, टोळी सैल पसरलेली राहते. सुट्या आकृत्या हलवताना वेळ जातो म्हणून पातळ पुठ्ठ्याचे ट्रे करा, वर पातळ लोखंडी पत्रा आणि बेसखाली लोहचुंबकाची पट्टी. आकृत्या तिरप्या झाल्या तरी घरंगळत नाहीत.

रंगकाम

एका वेळी बारा-सोळा आकृत्या घ्या आणि एक रंग सगळ्यांना लावून पुढच्या रंगाकडे वळा. चाळीस एकदम घेतल्या तर तिसऱ्या रंगाला कंटाळा येतो. एकेक पूर्ण करत बसलं तर टोळीत सोळा निरनिराळ्या छटा दिसतात.

साच्याची रेघ आधी चाकूच्या पात्याने खरवडा. रंग लागल्यावर ती ठळक होते, आणि मग काही करता येत नाही. प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, स्प्रेचा असेल तर डबा दोन मिनिटं हलवा, २०-२५ सेंटीमीटरवरून आडव्या, तुटक फवाऱ्यांत मारा. जवळून मारला तर चेहरे बुजतात. दमट हवेत किंवा फार लांबून मारला तर रंग हवेतच वाळतो आणि आकृतीवर पिठासारखा खडबडीत थर बसतो. तो घासून निघत नाही. पाऊस असेल त्या दिवशी ब्रशने लावायचा प्रायमर वापरा.

हदेंदोवा: प्रायमर गडद तपकिरी घ्या, अर्धं काम तिथेच होतं. कातडीला काळा रंग देऊ नका. काळ्यावर उजेड-सावली दाखवता येत नाही आणि आकृती ठोकळ्यासारखी दिसते. गडद चॉकलेटी पाया, त्यावर खांदे, गाल, पोटऱ्या, बोटांची पेरं इथे मध्यम तपकिरी, आणि नाकाच्या शेंड्याला व कपाळाला त्याहून उजळ एक ठिपका. कमरेचं सुती वस्त्र शुद्ध पांढऱ्याने सुरू करायचं नाही. आधी बेज, वाळल्यावर तपकिरी वॉश (खोलगट भागात साठणारा पातळ रंग), मग घड्यांच्या फक्त वरच्या कडांना मळकट पांढरा. शुद्ध पांढरा हवाच असेल तर सोळातल्या दोघा-तिघांनाच द्या. ढाल चामड्याची, गोल, मधे टेंगूळ असलेली: पिवळट तपकिरी, धूसर राखाडी, काळपट अशा तीन छटा आलटून पालटून. तलवारी सरळ आणि रुंद पात्याच्या. केस भरघोस, काळपट तपकिरी. वर राखाडी तपकिरीचा हलका ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवणं.

इथली नेहमीची चूक म्हणजे ठिगळं लावलेले झब्बे. ते महदीच्या अनुयायांची ओळख खरी, पण सुबक, ठरावीक नमुन्याची रंगीत ठिगळं मुख्यतः नंतरच्या, महदीमागून सत्तेवर आलेल्या खलिफाच्या काळात रूढ झाली. १८८४ च्या सुआकिन भागातले हदेंदोवा बहुतेक उघड्या अंगाने आणि कमरेच्या वस्त्रात लढले. खोक्यात झब्बेवाल्या आकृत्या असतील तर त्या नाईलकाठच्या लढायांसाठी बाजूला ठेवा.

ब्रिटिश: लाल डगले इथे चालत नाहीत. या फौजेत करडा सर्ज (लोकरी कापड) आणि खाकी दोन्ही होते. १० वी हुसार्स ही घोडदळाची पलटण भारतातून मायदेशी परतताना सुआकिनकडे वळवलेली, तिचा पोशाख खाकी. कोणता रंग घ्यायचा ते पलटण बघून ठरवा आणि एका कंपनीत एकच रंग ठेवा. शिरस्त्राण मूळचं पांढरं, पण मैदानात ते चहाने किंवा चिखलाने मळवलेलं असायचं. फिकट तपकिरी द्या. ब्लॅक वॉच घेतलीत तर गडद हिरवा-निळा किल्ट आला. पट्ट्यापट्ट्यांचा टार्टन नवख्याने रंगवू नये. गडद निळ्यावर हिरव्याच्या उभ्या-आडव्या चार-चार रेघा ओढल्या की हातभर अंतरावरून तो टार्टनच वाटतो. पट्टे मळकट पांढरे, रायफलचं लाकूड लालसर तपकिरी, नळी काळ्यात थोडी चांदी मिसळून.

वॉश लावण्याआधी खालचा रंग पूर्ण वाळू द्या. ओल्यावर वॉश गेला की दोन्ही रंग उचलले जातात आणि डाग पडतो. वॉश खोलगट भागातच साठू द्यायचा. सपाट जागी थेंब साचला तर कोरड्या ब्रशने लगेच टिपून घ्या, वाळल्यावर कडा उमटते. शेवटी वॉर्निशचे दोन हात: आधी चकचकीत, तो टिकाऊ असतो, मग मॅट. मॅट स्प्रे दमट हवेत पांढरट पडतो आणि गडद कातडीवर हे सगळ्यात आधी दिसतं. तसं झालंच तर चकचकीत वॉर्निशचा एक हात ब्रशने फिरवा. बहुतेक वेळा पांढरटपणा जातो. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट.

बेसवर गोंद लावून बारीक वाळू, वाळल्यावर त्यावर पाणी मिसळलेल्या गोंदाचा दुसरा हात, नाहीतर पहिल्याच खेळात वाळू टेबलभर होते. लाकडी चुऱ्याचे पातळ बेस असतील तर खालूनही रंग द्या. एकाच बाजूला ओल लागली की ते वाटीसारखे वळतात.

टेबल

जाड, न सुरकुतणारं वाळूरंगी कापड पुरतं. बेसचा रंग आणि कापडाचा रंग एकच ठेवला तर साधं टेबलही नीटनेटकं दिसतं.

नाल्याचा प्रश्न मात्र विचार करून सोडवावा लागतो. टेबल खणता येत नाही, म्हणून काठ वर उचलायचे. २०-२५ मिमी जाडीच्या दाट फोमचे ८-१० इंच लांबीचे तुकडे कापा. नाल्याकडची बाजू उभी, बाहेरची बाजू लांब उताराची. उताराची रुंदी निदान ३ इंच ठेवा, नाहीतर आकृत्या उभ्या राहत नाहीत. अशा दोन समांतर रांगा मांडून मधे ४ इंच जागा सोडली की २५ मिमीच्या बेसवरची टोळी तीन-चार रांगांत आत मावते. फोमवर थेट स्प्रे मारू नका. त्यातलं द्रावक फोम खातं आणि काठाला चाळणी पडते. आधी गोंद, वाळू आणि पाण्याचा रंग मिसळून लेप द्या.

झुडपांना काथ्या, वाळलेली बारीक मुळं किंवा जाडसर घासणीचे फाडलेले तुकडे चालतात. काळपट तपकिरी रंगात बुडवून वाळवा आणि टोकांना पिवळट हिरव्याचा हलका ड्रायब्रश द्या. तीन-चार पुंजके एका मोठ्या बेसवर चिकटवा. सुटे ठेवले तर खेळताना सारखे आडवे होतात. त्याच काथ्याच्या लांब पट्ट्या तारेभोवती पिळल्या की झरीबा, म्हणजे फौजेच्या तळाभोवतीचं काटेरी कुंपण, तयार होतं.

पहिल्या खेळाचे नियम

बाजारात तयार नियमसंच बरेच आहेत. पत्त्यांच्या लाल-काळ्या पानांवर कोणाची तुकडी हलणार ते ठरवणारा लॅरी ब्रॉमचा 'द स्वॉर्ड अँड द फ्लेम' १९७९ पासून खेळला जातो. पण पहिल्या तीन-चार खेळांना खालचं एवढं पुरतं, आणि यातून कोणता संच आपल्याला रुचेल तेही कळतं.

एका फेरीचा क्रम: हदेंदोवा हलतात, ब्रिटिश हलतात किंवा गोळीबार करतात, हातघाई होते. कोणतीही कंपनी एकाच फेरीत हलणं आणि गोळीबार दोन्ही करू शकत नाही. हदेंदोवांची चाल ८ इंच, झुडपांतही ८, कारण जमीन त्यांची आहे. ब्रिटिशांची चाल ६, झुडपांत ४, चौकोनी व्यूहात सगळीकडे ४.

गोळीबार वर दिलाच आहे. झुडपांतल्या उघड झालेल्या टोळीवर पल्ला कितीही असो, ६ च लागतो.

हातघाईत आकृत्यांच्या जोड्या लावा आणि दोघांनी एकेक फासा टाका. ब्रिटिशाच्या दोन्ही बाजूंना साथीदाराचा बेस टेकलेला असेल तर त्याला +१. हदेंदोवाला धडकेच्या पहिल्या फेरीत +१. एकावर दोन हदेंदोवा असतील तर आणखी +१. कमी आलेला पडतो, बरोबरी झाली तर दोघे उभे. ज्याचे जास्त पडले ती बाजू ६ इंच मागे सरते. रांगेच्या टोकाच्या शिपायाला एकाच बाजूला साथीदार असतो, म्हणजे त्याला +१ नाही. हुशार खेळाडू तिथेच धडकतो. एक कंपनी मागे सरली की शेजारच्या कंपनीचंही टोक उघडं पडतं. रांग अशीच मोडते.

धीर: तुकडी निम्म्याखाली गेली की त्याच क्षणी दोन फासे. बेरीज ७ किंवा जास्त आली तर टिकली, नाहीतर पूर्ण एक चाल मागे पळाली आणि पुढची फेरी गमावली. अधिकारी किंवा सरदार ६ इंचांच्या आत असेल तर +१.

दबा: तीन टोळ्यांसाठी सहा पालथ्या चिठ्ठ्या करा, तीन खऱ्या, तीन कोऱ्या. हदेंदोवा खेळाडू त्या झुडपांत किंवा नाल्यात ठेवतो आणि आडोशातून आडोशात हलवू शकतो. ब्रिटिश तुकडी ६ इंचांच्या आत आली की चिठ्ठी उलटावी लागते. त्याआधी कधी उठायचं ते हदेंदोवा ठरवतो. नवखा खेळाडू पहिली कंपनी दिसताच तिन्ही टोळ्या उठवतो आणि उघड्यावर मार खातो. आठ इंचांची वाट बघायला शिकणं हीच या बाजूची कला.

मांडणी: ब्रिटिश एका काठावरून निघतात, ३० इंचांवरच्या विहिरीला एका कंपनीने हात लावायचा. न थांबता पाच फेऱ्या लागतात. त्यांना दहा द्या. हदेंदोवांनी एक कंपनी पळवली तरी ते जिंकले.

प्रत्येक लढाई बाजू बदलून दोनदा खेळा. मांडणी तिरकी असेल तर लगेच कळतं.

पुढचे तीन नियम

मशीनगन. तिला ६ फासे, रायफलसारखेच आकडे. पण त्या सहांत दोन किंवा जास्त १ पडले तर ती अडकली. पुढच्या फेऱ्यांत एक फासा टाकून ५-६ आला तरच सुटते. सरासरी चार वेळांत एकदा ती अडकेल. हे प्रमाण कोणाला कडक वाटलं तर त्यांनी अबू क्लीची लढाई वाचावी: १७ जानेवारी १८८५ ला नौदलाची गार्डनर मशीनगन चौकोनाबाहेर नेली, ऐन वेळी ती अडकली आणि तिच्याजवळची माणसं कापली गेली.

चौकोन. छत्तीस जणांचा चौकोन म्हणजे एका बाजूला नऊ. नवखे इथे फसतात: चौकोनाला पाठ नसते हे खरं, पण एका बाजूचे फक्त नऊच फासे मिळतात. तीन फैरींची सरासरी दीड, तीन, तीन. साडेसात. सोळाच्या टोळीतले आठ-नऊ भिडतात. मशीनगन असलेल्या बाजूला आणखी पाच पडतात. म्हणून हदेंदोवा नेहमी गनच्या विरुद्ध कोपऱ्यावर येईल, आणि ब्रिटिश खेळाडूला गन कुठे ठेवायची हा खरा प्रश्न पडेल. कोपऱ्यातल्या शिपायाला दोन्ही बाजूंना साथीदार आहे असंच धरा, नाहीतर चौकोन लगेच कोसळतो. चौकोन चालताना सर्वांत मंद बाजूच्या चालीने चालतो. पुढची बाजू ४ इंचांहून जास्त गेली तर फट पडली समजा, आणि फटीच्या दोन्ही कडांचं +१ गेलं. यासाठी ६ × ४ फुटांचं टेबल घ्या, विहीर ४० इंचांवर, खेळ १४ फेऱ्यांचा.

धूर. काळ्या दारूच्या रायफली होत्या. कंपनीने सलग दोन फेऱ्या गोळीबार केला की तिच्यापुढे कापसाची पट्टी ठेवा. त्यातून पुढे फक्त ६ लागतो. एक फेरी न मारता थांबलं की पट्टी उचला. मग ब्रिटिशांपुढे निवड येते. बारा जणांनी लांबून सुरुवात केली तर २, ४ आणि धुरातून २, असे आठ पडतात. पहिली फेरी थांबून मारलं तर ४ आणि ४, तेही आठच. फरक पडतो तो मागून येणाऱ्या दुसऱ्या टोळीवर. पट्टी असताना ती आली की तिच्यावरही ६ च लागतो, आणि फेरीभर थांबून धूर विरू देण्याची सवड तेव्हा नसते. हदेंदोवा खेळाडूने टोळ्या एकामागून एक, एका फेरीच्या अंतराने पाठवायच्या, त्या याचसाठी.

खेळताना हटकून बिघडणाऱ्या गोष्टी

अंतर मोजण्यावरून वाद होतात. सगळं बेसच्या कडेपासून मोजायचं आणि चाल सुरू होण्याआधी मोजायला मोकळीक द्यायची. अंदाजाने मोजण्याचा जुना रिवाज नवख्यांना जाचतो. पडलेल्या आकृत्या लगेच ट्रेवरून काढा, नाहीतर निम्म्याखाली कोण गेलं हे कोणालाच आठवत नाही. फासे टेबलावर टाकू नका, रंगवलेले भाले मोडतात. उथळ डब्यात टाका. आणि नियमात भर घालायची असेल तर खेळ संपल्यावर, एका वेळी एकच. दोन नियम एकदम घातले की बिघाड कशाने झाला ते सापडत नाही.

याच आकृत्यांनी पुढे

हदेंदोवा तेच ठेवून ब्रिटिशांच्या जागी १२ जणांच्या तीन इजिप्शियन कंपन्या आणल्या की ४ फेब्रुवारीची, बेकरच्या फौजेची लढाई मांडता येते. या कंपन्यांना धीरासाठी ७ ऐवजी ९ लागू द्या आणि +१ काढून घ्या. पांढरे डगले आणि लाल फेझ टोप्या असल्याने रंगवायला त्या सगळ्यात लवकर होतात. २९ फेब्रुवारीच्या एल तेबसाठी हदेंदोवांना एक-दोन क्रुप तोफा लागतील, त्यांनी बेकरच्या फौजेकडून घेतलेल्याच, आणि फोमच्या उरलेल्या तुकड्यांचे मातीचे बांध. तमाई पूर्ण मांडायची तर दोन चौकोन, म्हणजे ७२ ब्रिटिश आणि निदान सात टोळ्या लागतात. ते काम दोघांनी वाटून घ्यावं. त्यात बुलरचा मागचा चौकोन आधी रंगवा, कारण एकटा तो आणि चार टोळ्या एवढ्यावरही खेळ होतो.